लांबलेला मुक्काम

सून घर सोडून जाणार होती सोमवारी, आणि त्याच सोमवारपासून सगळं बंद झालं.

तिने सांगितलं होतं ते आदल्या आठवड्यात, जेवताना. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. भाताचं भांडं सासूपुढे सरकवत म्हणाली, "मी दुकानाच्या मागच्या गल्लीत खोली बघितलीये. सोमवारी तिकडे राहायला जाते. कायमची." ती एका चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. सकाळी जायची, दिवे लागायच्या सुमाराला यायची.

तिचा नवरा गाडी शिकवायचा. लोकांना क्लच-ब्रेक शिकवून शिकवून त्याचं नावच मास्तर पडलं होतं. गल्लीत तर त्याचं खरं नाव कुणाला आठवतही नसेल. मास्तरने तोंडातला घास गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बरं." मग जरा वेळाने विचारलं, "पाण्याची सोय आहे ना तिथे?"

"आहे."

"दिवसभर येतं?"

"येतं."

समोर बसलेली म्हातारी मुलाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता हा विचारेल. आता म्हणेल, अगं पण का? पण मास्तरने ताट उचललं, विसळलं आणि जाऊन झोपला.

म्हातारीला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. उभी हयात तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. ट्रंक कॉलच्या जमान्यापासून कानाला हेडफोन लावून तिने इतक्या लोकांचं बोलणं जोडलं आणि तोडलं होतं की आवाज ऐकला की माणूस कळायचा. सुनेचा त्या दिवशीचा आवाज तिने ऐकला आणि तिच्या लक्षात आलं, ही भांडत नाहीये. भांडणारं माणूस अजून कशाची तरी वाट बघत असतं. हिने वाट बघणं केव्हाच सोडलं होतं.

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर जाहीर झालं की उद्यापासून कुणी घराबाहेर पडायचं नाही, दुकानं बंद, गाड्या बंद, तेव्हा बाहेरच्या जगात काय हाहाकार होणार आहे हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. पण तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच की आता हिला जाता येणार नाही. जीव भांड्यात पडला तिचा. लोक मरतायत आणि आपल्याला बरं वाटतंय, म्हणून थोडी लाजही वाटली. पण ती मनातल्या मनात. तोंडाने म्हणाली, "आता गं काय करायचं?"

सून दाराजवळ ठेवलेल्या दोन बॅगांकडे बघत होती. एक मोठी चाकांची, एक खांद्याला लावायची. "काय करणार," ती म्हणाली. "उघडेल तेव्हा जाईन."

पहिले काही दिवस तिघंही त्या तीन खोल्यांत परक्या बिऱ्हाडांसारखी वावरली. मास्तर बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच उशी उचलून आणली. न्हाणीघरात कोण आहे याचा कानोसा घेऊन मग दुसऱ्याने टॉवेल घ्यायचा. चहा ज्याचा त्याने करायचा. सुनेला काही लागलं की ती दाराजवळ जायची, बॅगेची चेन अर्धी उघडायची, आत हात घालून चाचपून हवं ते काढायची आणि चेन परत लावायची. पाहुण्यासारखी.

ऑपरेटरबाईचं लक्ष असायचं त्या बॅगेवर. आधी निघाला गाऊन. मग घरातल्या सपाता. मग केसांचा ब्रश, मलमाची डबी, उन्हाळी सुती कपडे. आणि एका सकाळी बघते तर बॅगेची चेन उघडीच, आणि सुनेचे दोन कुडते कपाटाच्या दाराला हँगरवर लटकलेले. म्हातारीने स्वयंपाकघरात जाऊन चहात मूठभर जास्तीची साखर घातली आणि तिघांचा एकत्र चहा केला. तिघंही एकाच टेबलाशी बसून प्यायली.

"गोड झालाय," मास्तर म्हणाला.

"पाक झालाय," सून म्हणाली.

एवढंच. पण त्या घरात बऱ्याच दिवसांत एका वाक्याला दुसरं वाक्य लागून आलं नव्हतं.

मग दिवस जरा सैल झाले. बाहेरच्या बातम्या वाईटच होत्या. समोरच्या इमारतीतल्या घड्याळजींना एका दुपारी पांढरे कपडे घातलेली माणसं घेऊन गेली, ते परत आलेच नाहीत. त्यांची बायको गॅलरीत उभी राहायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. हात करून विचारावं तर मान हलवायची. गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले होते. भाजीची गाडी यायची ती बांबूपलीकडे थांबायची आणि मास्तर पिशवी घेऊन, तोंडाला फडकं बांधून रांगेत उभा राहायचा. आणलेले बटाटे सून साबणाने धुवायची आणि ऑपरेटरबाई ते पुसून खिडकीत वाळत घालायची. बटाटे वाळत घालायची वेळ आली, म्हणायची आणि स्वतःच हसायची.

दुपारी पत्ते निघाले. तिघांत खेळायचं म्हणजे भिकार-सावकार, दुसरं काही म्हातारीला येत नव्हतं. मास्तर पत्ते पिसायचा ते गाडीचं स्टिअरिंग फिरवल्यासारखं, दोन्ही हातांनी, गंभीर चेहऱ्याने. सून त्याची नक्कल करायची. ऑपरेटरबाई सर्रास लबाडी करायची, एक्का मांडीखाली दाबून ठेवायची, आणि पकडली गेली की म्हणायची, "मला दिसलाच नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल माझा. घरात चष्मेवाली असून काही उपयोग नाही." मग सून दुकानातून केव्हातरी आणलेला इवलासा स्क्रू ड्रायव्हर काढायची, सासूचा चष्मा उतरवून त्याच्या काड्या घट्ट करायची, फुंकर मारून काचा पुसायची आणि परत तिच्या नाकावर बसवायची. "आता बघा बरं मांडीखाली."

मास्तरचे केस वाढले. मानेवरून कॉलरवर उतरले. एका सकाळी सुनेने त्याला गॅलरीत खुर्चीवर बसवलं, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळली आणि कात्री चालवली. तिला केस कापता येत नव्हते. एका बाजूने कमी झाले म्हणून दुसऱ्या बाजूने कापले, मग ती बाजू कमी झाली. शेवटी उंदरांनी कुरतडल्यासारखं डोकं झालं. मास्तरने आरशात बघितलं आणि म्हणाला, "आता लॉकडाऊन उठलं तरी मी घराबाहेर पडायचा नाही." सून इतकी हसली की कात्री खाली ठेवून कठड्याला टेकली. मग तिने त्याच्या मानेवरचे बारीक केस फुंकून उडवले, हाताने झाडले आणि तो हात क्षणभर तिथेच राहिला.

ऑपरेटरबाई दाराआड उभी होती. तिने ते बघितलं आणि पाय न वाजवता मागे सरकली. त्या दिवशी तिने देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच ठाऊक.

पण सगळ्यात मोठी गंमत झाली ती गाडीची. सुनेला गाडी चालवायला शिकायचं होतं. लग्न झाल्यापासून म्हणत होती. मास्तर शेकडो लोकांना शिकवून मोकळा झाला, पण घरच्या माणसाला शिकवायला त्याला वेळ झाला नाही. संध्याकाळी घरी आला की म्हणायचा, दिवसभर तेच करून आलोय गं, रविवारी बघू. ते राहूनच गेलं. आता एका कंटाळवाण्या संध्याकाळी त्याने आपणहून टेबल भिंतीला सरकवलं, दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, सुनेच्या हातात मोठं ताट दिलं. "हे स्टिअरिंग. ही उशी क्लच, हे पुस्तक ब्रेक, ही चप्पल ॲक्सिलरेटर. लाटणं म्हणजे गिअर. बस."

"आणि मी?" म्हातारीने विचारलं.

"तू मागे. मागच्या प्रवाशांनी बडबड करायची नाही."

मग रोज संध्याकाळी गाडी निघायला लागली. मास्तर डोळे मिटून रस्ता सांगायचा. इथे शाळा आहे, हळू. डावीकडून सायकल येतेय. पुढे चढ आहे, पहिल्या गिअरवर घे, क्लच हळूहळू सोड, हळू म्हणजे हळू, बंद पडली बघ. सून खरोखर गाडी बंद पडल्यासारखी कपाळाला हात लावायची. शिकवताना मास्तरचा आवाज वेगळाच व्हायचा. मऊ, लक्ष असलेला. माणूस घाबरलंय का, थकलंय का, हे त्याला शेजारी बसून बरोबर कळायचं. ऑपरेटरबाई मागे खुर्चीवर बसून तो आवाज ऐकायची आणि तिला वाटायचं, हा माझा मुलगा घरात एरवी कुठे असतो?

असे दिवस गेले. तिला आयुष्यात कधी नव्हे एवढं सुख लागलं आणि त्या सुखाची भीतीही वाटायला लागली. कारण एक गोष्ट तिच्या कानांना खटकत होती. सून फार गोड बोलत होती. पूर्वी ती चिडायची. ओला टॉवेल पलंगावर टाकला, दिवा चालू ठेवला, फोन केला नाही, की तिचा आवाज धारदार व्हायचा आणि दोन खोल्या पलीकडे कळायचा. आता टॉवेल पलंगावर पडलेला असला तर ती तो उचलून दोरीवर टाकायची आणि काही म्हणायची नाही. एक्स्चेंजमध्ये असं व्हायचं. नोकरी सोडून जाणाऱ्या मुली शेवटच्या आठवड्यात सगळ्यांशी फार प्रेमाने वागायच्या. ऑपरेटरबाईने तो विचार मनात येऊ दिला नाही. पुन्हा पत्ते काढले.

मास्तरला यातलं काही जाणवलं नव्हतं. एकदा रांगेतून भाजी घेऊन आला, हात धुता धुता हळूच आईला म्हणाला, "झालं वाटतं सगळं ठीक."

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात. दिसतंय की."

"विचार तरी," म्हातारी म्हणाली. "एकदा विचारून घे."

त्याने नळ बंद केला. "उगाच कशाला खपली काढायची."

आणि मग उघडलं. एकदम नाही, थोडं थोडं. आधी औषधांची दुकानं पूर्ण वेळ, मग किराणा, मग एका संध्याकाळी बातमी आली की येत्या सोमवारपासून बाकीची दुकानंही चालू. गल्लीतल्या लोकांनी बांबू सोडले. घड्याळजींच्या बायकोने गॅलरीचं दार लावून घेतलं, ते पुढे कितीतरी दिवस उघडलं नाही.

सुनेला मालकाचा फोन आला. बोलून झाल्यावर ती आतल्या खोलीत गेली. ऑपरेटरबाईला कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग हँगरचा. एक, दुसरा, तिसरा. मग चेन.

म्हातारीने काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात खाली पडली. पडली म्हणजे ओट्याला धरून बेताबेताने खाली बसली, मग आडवी झाली, हातातलं भांडं मात्र मुद्दाम वाजवून टाकलं. सून धावत आली. मास्तर धावत आला. "चक्कर," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "घर फिरतंय."

सुनेने तिची मान मांडीवर घेतली, नाडी बघितली, रक्तदाबाचं यंत्र आणून लावलं. यंत्राने सगळं ठीक दाखवलं. "यंत्राचे सेल गेले असतील," म्हातारी म्हणाली.

डॉक्टर मिळत नव्हते. फोनवर मिळाले ते म्हणाले, वयाप्रमाणे होतं असं, विश्रांती द्या, एकटं सोडू नका. सुनेने दुकानात कळवलं की सोमवारी येत नाही. खोलीच्या मालकिणीलाही कळवलं. बॅगा भरलेल्याच होत्या, पण त्या पुन्हा दाराजवळ जाऊन थांबल्या.

ऑपरेटरबाईचे ते दिवस राणीसारखे गेले, आणि चोरासारखेही. सून तिला पलंगावर पाय सोडून बसवायची, कोमट पाण्याने केस धुवायची, बोटांनी कोरडे करायची. तळपायाला तेल लावायची. अंडं उकडून, सोलून, मीठ लावून हातात द्यायची. म्हातारी डोळे मिटून पडून राहायची आणि मनात हिशेब करायची, अजून आठ दिवस काढू, मग कंबर धरू, मग दम लागू दे. तोवर मास्तर बोलेल काहीतरी. कधीतरी बोलेलच.

मास्तर बोलला नाही. त्याची शिकवणीही सुरू झाली होती. संध्याकाळी यायचा, आईच्या कपाळाला हात लावायचा, "बरं वाटतंय?" विचारायचा, आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही लावायचा. गाडी-गाडी आपोआपच बंद पडली होती. आता खरी गाडी चालवायला मिळत होती ना.

एका सकाळी सून औषध आणायला गेली. पाऊण तास तरी लागेल असं वाटून म्हातारी उठली. पडून पडून अंग आंबलं होतं. तिने खिडकी उघडली, गुणगुणत ओटा पुसला, आणि वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला स्टुलावर चढली. डबा हातात घेऊन वळली तर दारात सून उभी. हातात औषधाची पिशवी. नेहमीचं दुकान बंद असल्याचं वाटेतच कळलं, म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानातून औषध घेऊन परतली होती.



"आई, आधी खाली उतरा," सून म्हणाली. "खरंच पडाल."

तिने पुढे होऊन डबा घेतला, हात धरून सासूला उतरवलं, खुर्चीवर बसवलं. चहा टाकला. पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भांडं पडल्याचा आवाज आला, तुम्ही पडल्याचा आलाच नाही."

म्हातारीला तोंडात मारल्यासारखं झालं. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. "मग थांबलीस कशाला?"

"तुमचे केस धुवायचे होते म्हणा." सुनेने कप पुढे ठेवला आणि समोर बसली. "मला तुमचा राग नाही आलेला. माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं."

"राहा ना गं," ऑपरेटरबाई म्हणाली. इतके दिवस मनात राहिलेलं असं सरळ बाहेर पडलं. "चांगलं चाललं होतं आपलं. हसत होतीस तू. मी बघितलंय. का खोटं होतं ते?"

"खोटं नव्हतं."

"मग?"

सून कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "माझे वडील गेले तेव्हाचं आठवतं तुम्हाला? आम्ही दोघं गाडीने गेलो. सगळं उरकून दुसऱ्या दिवशी निघालो. मी रडत होते. रस्त्यात त्याने गाडी पेट्रोल पंपावर वळवली, खाली उतरला, चारही चाकांतली हवा बघितली, पुढच्या डाव्या चाकात कमी होती ती भरली. आत बसला आणि म्हणाला, बरं झालं बघितलं, नाहीतर वाटेत त्रास झाला असता. मग घरापर्यंत एक शब्द नाही. त्यानंतर आजपर्यंत नाही. माझ्या वडिलांचं नाव या घरात परत निघालं नाही, आई."

"तो तसाच आहे गं. त्याला कळत नाही कसं बोलावं. मनाने वाईट नाही."

"वाईट असता तर सोपं होतं." ती जरा हसली. "मी भांडले. मग रुसले. मग कितीतरी दिवस मुद्दाम गप्प राहिले, बघू विचारतो का. त्याला वाटलं शांतता आहे घरात. आणि आता या दिवसांत तो गाडी शिकवायचा ना, तेव्हा मला वाटायचं की हा असा आहे, याच्यात हे सगळं आहे. माझ्या हातात ताट असलं की याला माझी भीती कळते. ताट ठेवलं की कळत नाही." ती थांबली. "ते बघून तर मला जास्तच कळलं. आधी वाटायचं, त्याच्याकडे नाहीच तर देणार कुठून. असूनही दिलं नाही, हे माहीत नव्हतं मला."



"तुम्ही म्हणाल तर अजून आठ दिवस थांबते," सून म्हणाली. "तुमच्यासाठी. पण मग पुढचे आठ दिवसही मागाल. आणि मी देईन. आणि मग मी इथे तुमची नर्स म्हणून राहीन, त्याची बायको म्हणून नाही. असं चालेल तुम्हाला?"

चालेल, असं ऑपरेटरबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने चहाचा घोट घेतला. मग म्हणाली, "नाही. नको. तू जा."

त्या संध्याकाळी तिने मुलाला गॅलरीत गाठलं. तो शर्टाच्या बाह्या दुमडून कुंडीला पाणी घालत होता.

"ती उद्या जातेय."

"हो. बोलली मला."

"तिला थांब म्हण."

"म्हणून थांबणार आहे का ती?"

"नाही थांबणार. तरी म्हण. म्हणालास एवढं तरी राहील तिच्याजवळ."

मास्तर पाणी ओततच राहिला. पाणी कुंडीखालच्या बशीतून बाहेर सांडायला लागलं तरी त्याने तांब्या सरळ केला नाही. त्याचे ओठ एकदा हलले. ऑपरेटरबाई सगळा जीव कानात आणून उभी राहिली. मग तो म्हणाला, "मला जमत नाही गं आई. मी मनात जुळवतो सगळं. तिच्यासमोर गेलं की त्यातलं काही राहत नाही." आणि वाकून सांडलेलं पाणी फडक्याने टिपायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः दोन्ही बॅगा उचलल्या. जिना उतरायच्या आधी स्वयंपाकघरात गेला आणि मिक्सर घेऊन आला. वायर नीट गुंडाळून रबर लावलेलं होतं. "हा घेऊन जा," तो सुनेला म्हणाला. "तिथे नसेल."

"मग इथे काय वापराल?"

"आम्ही बघू काहीतरी. तू घे."

सुनेने मिक्सर घेतला. दोन्ही हातांनी, छातीशी धरून. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते ऑपरेटरबाईला बघवेना, तिने मान वळवली. मग सून वाकली, सासूच्या गालाला गाल लावला, म्हणाली, "स्टुलावर चढू नका." आणि गेली. मास्तरनेच गाडीतून तिला खोलीवर सोडलं, बॅगा वर नेऊन दिल्या, नळ उघडून पाणी येतंय का बघितलं आणि परत आला.

रविवारी ऑपरेटरबाई तिला फोन करायची. सुरुवातीला बराच वेळ बोलणं व्हायचं. दुकानात गर्दी नाही, खोलीत ऊन चांगलं येतं, शेजारीण बरी आहे. मग बोलणं आटत गेलं. सून नेहमी गोडच बोलायची. पण म्हातारीच्या कानाला कळायचं की पलीकडचं माणूस उभं राहून बोलतंय, बसलेलं नाही. मग ती स्वतःच म्हणायची, "ठेवते गं, गॅसवर दूध आहे." दूध नसायचं. नंतर एक रविवार राहिला, मग दुसरा.

वर्ष फिरलं आणि सगळं पुन्हा बंद झालं. या वेळी गल्लीतली आणखी माणसं गेली. पुन्हा बांबू, पुन्हा रांगा, पुन्हा साबणाने धुतलेले बटाटे. मास्तर घरी बसला. एका दुपारी म्हातारीने पत्ते काढून टेबलावर ठेवले.

"दोघांत काय मजा," तो म्हणाला.

"बस तर."

बसला. तिने एक्का मांडीखाली दाबला. त्याने बघितलं आणि काही म्हणाला नाही. डाव ती जिंकली. त्याने पत्ते गोळा केले, खोक्यात घातले आणि खोका खणात ठेवला.

त्यानंतर तिने ते काढले नाहीत. तिच्या डोक्यात आता दुसरंच होतं. तिला दम लागायला लागला होता, खराखुरा, जिना चढतानाच नाही, नुसतं न्हाणीघरापर्यंत जातानाही. मुलाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने औषध आणलं असतं, खिडकीला जाळी लावली असती, पलंग भिंतीकडे सरकवला असता. ती गेल्यावर या तीन खोल्यांत हा असाच बसून राहील, दिवा लावायचाही विसरेल, आणि दार वाजवून कुणी विचारणार नाही, हे तिला समोर असल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. त्यावर काही उपाय नव्हता. ती त्याला माणूस आणून देऊ शकत नव्हती, आणि बोलायला शिकवायचं वय कधीच मागे पडलं होतं.

म्हणून तिने त्याला सूप करायला शिकवलं. कांदा कसा चिरायचा, गाजरं केव्हा टाकायची, भांड्यावर झाकण किती ठेवायचं. खुर्चीवर बसून ती सांगायची आणि तो ओट्याशी उभा राहून करायचा. मीठ किती, आच किती, काही विचारायचा नाही. नुसतं तिच्या हाताकडे बघायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला तिने काही सांगितलं नाही. त्याने एकट्याने केलं, दोन वाडग्यांत काढलं, चमचे ठेवले.

दोघं समोरासमोर बसून जेवली. सूप चांगलं झालं होतं.

"जमलं," मास्तर म्हणाला.

"जमलं," ऑपरेटरबाई म्हणाली.

तो भांडी घासायला उठला. ती तिथेच बसून राहिली. त्याच्यासाठी करण्यासारखं आता तिच्या हातात काही उरलं नव्हतं.